मिनोसायक्लिनला सोळा महिने झाले आणि सांधे पुन्हा सुजले: डोस वाढवायचा, बदलायचा की बंद करायचा?

वैद्यकीय अधिकारी, पांढरकवडा

नमस्कार मंडळी. रुमॅटॉइड आमवाताच्या एका रुग्णाच्या गोळ्यांबाबत विचारायचं आहे.

बाई ४४ वर्षांच्या, वजन ४६ किलो, निंदण-वेचणीची मजुरी. दुखणं पाच वर्षांचं, आरए फॅक्टर आणि अँटी-सीसीपी या आमवाताच्या रक्ततपासण्या दोन्ही पॉझिटिव्ह. १६ महिन्यांपासून मिनोसायक्लिन (टेट्रासायक्लिन गटातलं प्रतिजैविक) १०० मिग्रॅ सकाळ-संध्याकाळ चालू आहे. सोबत आमवाताचं मुख्य औषध मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदा १० मिग्रॅ, फॉलिक अ‍ॅसिड आणि प्रेडनिसोलोन (स्टिरॉइड) ५ मिग्रॅ रोज. चौथ्या-पाचव्या महिन्यापासून चांगला उतार होता, बाई शेतात जायला लागल्या होत्या.

गेल्या सहा आठवड्यांत सगळं उलटलं. सकाळचा आखडलेपणा दीड तास राहतो. त्यांच्याच शब्दांत, "सकायी उठली का हाताची मूठच वयत नाही." संध्याकाळी कणकण येते, ताप १००.४ पर्यंत जातो. वजन दोन किलोंनी घटलं. दोन्ही नडग्यांवर निळसर-राखाडी डाग आहेत, काट्या-कुपाटीने ओरखडलेल्या जुन्या वणांवर जास्त गडद. एसजीपीटी (यकृताची तपासणी) ७८ आली, सहा महिन्यांपूर्वी ३१ होती. हिमोग्लोबिन ९.४, पांढऱ्या पेशी ४,१००, ईएसआर (अंगातली सूज दाखवणारी तपासणी) ६२. लघवी अजून तपासलेली नाही.

बाहेरून आणलेल्या चिठ्ठीत दोन पर्याय लिहिले आहेत: मिनोसायक्लिन दिवसातून तीनदा करा, नाहीतर सोमवार-बुधवार-शुक्रवार अशी "पल्स" पद्धत धरा. बाईंना सांगितलं गेलंय की जंतू मरताना विष सोडतात म्हणून दुखणं वाढलंय, ही चांगली खूण आहे.

मला तीन गोष्टी कळायला हव्यात. डोस वाढवण्यात काही अर्थ आहे का? त्याच गटातल्या डॉक्सीसायक्लिनवर न्यावं का? आणि बंद केलं तर एकदम करावं की हळूहळू?


सांधेविकार, नागपूर

डॉक्टर, तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण ते आजच करायचं आहे. मिनोसायक्लिन आज बंद करा, एकदम. या औषधाला पायऱ्या उतरत जाण्याची गरज नसते, त्याची शरीराला सवय लागत नाही. उतरत जायचं ते स्टिरॉइडचं. त्यामुळे प्रेडनिसोलोन ५ ला मुळीच हात लावू नका. सोळा महिने रोज घेतल्यावर अधिवृक्क ग्रंथी झोपलेली असू शकते, आणि ताप चालू असताना ते अचानक थांबलं तर रक्तदाब कोसळू शकतो. बाईंना हे दोन वाक्यांत, दोन वेगळ्या गोळ्या हातात धरून दाखवा. "गोळ्या बंद करा" एवढंच ऐकून त्या घरी गेल्या तर सगळंच बंद होईल.

आता कारण. सांधे पुन्हा सुजणं, ताप, वजन घटणं, वाढलेली एसजीपीटी आणि हे सगळं औषध सुरू होऊन वर्ष उलटल्यावर. या चौकडीत मिनोसायक्लिनमुळे होणारा ल्युपस, म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटण्याचा आजार, डोक्यात यायलाच हवा. हे औषध सांधेदुखीवर देतात आणि तेच काही जणांत सांधेदुखी निर्माण करतं, इथेच फसगत होते. रुग्णाला आणि डॉक्टरला वाटतं मूळ आजार उसळला, डोस वाढवला जातो, आणि आगीत तेल पडतं. हे पहिल्या महिन्यात दिसत नाही, बहुतेकदा वर्ष-दोन वर्षांनी येतं. यासोबत यकृताला सूज येणंही ठाऊक आहे, ते ऑटोइम्यून हिपॅटायटिससारखं दिसतं.

तपासण्या अशा: एएनए (ल्युपसमध्ये पॉझिटिव्ह येणारी रक्ततपासणी), लघवीत प्रथिनं आणि रक्तपेशी, क्रिएटिनिन, बिलिरुबिनसह लिव्हरचा पूर्ण संच, सीबीसी, हिपॅटायटिस बी आणि सी. जमलं तर एएनसीए, हीदेखील स्वतःच्याच पेशींविरुद्धच्या प्रतिपिंडांची तपासणी. या प्रकारात पी-एएनसीए बऱ्याचदा पॉझिटिव्ह येते, आणि औषधी ल्युपसची ओळख म्हणून पुस्तकात शिकवलेली अँटी-हिस्टोन तपासणी मात्र मिनोसायक्लिनमध्ये पुष्कळदा निगेटिव्ह असते. तेव्हा ती निगेटिव्ह आली म्हणून निश्चिंत होऊ नका. एएनए वाचतानाही एक काळजी घ्या. आमवाताच्या बऱ्याच रुग्णांत ती मुळातच पॉझिटिव्ह असते. म्हणून औषध सुरू करण्याआधीचा रिपोर्ट घरी पिशवीत असेल तर शोधायला सांगा. आधी निगेटिव्ह आणि आता पॉझिटिव्ह, याला खरा अर्थ आहे.

दुसरी बाजू तितकीच महत्त्वाची. संध्याकाळचा ताप, घटलेलं वजन, स्टिरॉइड आणि मेथोट्रेक्सेट चालू. क्षयरोग नाही हे सिद्ध करा. छातीचा एक्स-रे आणि थुंकी ट्रूनॅट किंवा सीबीनॅटला (क्षयरोगाचे जंतू शोधणाऱ्या तपासण्या), दोन्ही सरकारी यंत्रणेत मोफत होतं. मानेत, काखेत गाठी चाचपा. एखादाच सांधा बाकीच्यांपेक्षा वेगळा, लाल आणि तापलेला असेल तर त्यातलं पाणी काढून तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका. तो जंतुसंसर्ग असू शकतो.

ताप आहे तोवर मेथोट्रेक्सेटही थांबवा. संसर्ग नाही हे ठरलं आणि एसजीपीटी खाली आली की पुन्हा सुरू करायचं आहे, हे केसपेपरवर ठळक लिहा. नाहीतर "थांबवलं" एवढंच राहतं आणि पुढचे सहा महिने आजाराला मोकळं रान मिळतं. एसजीपीटी दोन आठवड्यांनी पुन्हा. सामान्याच्या तिपटीच्या वर गेली, कावीळ दिसली, किंवा लघवीत प्रथिनं आली तर वाट न पाहता सेवाग्राम किंवा नागपूरच्या मेडिकल कॉलेजला पाठवा.

या मधल्या काळात वेदनेसाठी डायक्लोफिनॅक देऊ नका, यकृत आणि मूत्रपिंड दोन्हींचा हिशेब अजून लागायचा आहे. पॅरासिटामॉल ५०० मिग्रॅ, दिवसात २ ग्रॅमच्या आत. हायड्रॉक्सीक्लोरोक्वीन आत्ताच सुरू करता येईल. ते आमवातावरही चालतं आणि ल्युपसवरही, आणि यकृताला सहसा त्रास देत नाही. डोस खऱ्या वजनाच्या किलोमागे ५ मिग्रॅ, त्याच्या वर नाही. ४६ किलोंना २३० होतात, म्हणजे रोज २०० ची एक गोळी. सवयीने सगळ्यांना ४०० लिहिले जातात आणि आपल्याकडच्या चाळीस-पंचेचाळीस किलोंच्या बायकांच्या डोळ्याच्या पडद्यावर त्याचा भार येतो. पहिल्या वर्षात एकदा पडदा तपासून घ्यायचा, पाच वर्षांनंतर दरवर्षी.

डाग मिनोसायक्लिनचेच वाटतात. हिशेब करून बघा: रोज २०० मिग्रॅ म्हणजे वर्षाला ७३ ग्रॅम, १६ महिन्यांत ९७ ग्रॅमच्या आसपास. पोटात गेलेला एकूण साठा शंभर ग्रॅमच्या घरात गेला की हे डाग दिसण्याचं प्रमाण वाढतं. डोळ्याचा पांढरा भाग, नखं आणि टाळू बघा. हिरड्यांवर भरवसा ठेवू नका, खर्रा (तंबाखू-सुपारी) खाणाऱ्याच्या हिरड्या तशाही काळवंडलेल्या असतात.


फार्मासिस्ट, हिंगणघाट

सरांनी सांगितलं त्यात औषधाच्या बाजूने भर घालतो. ज्यांना टेट्रासायक्लिन गटातली गोळी लागू पडली आहे आणि चालू ठेवायची आहे, त्यांच्यात "आता पहिल्यासारखी असर करत नाही" ही तक्रार आली की डोस बदलण्याआधी गोळी कशी घेतली जाते ते विचारा.

उपकेंद्रातून मिळणारी लोहाची गोळी आणि कॅल्शियमची गोळी बहुतेक बायका सकाळीच, सगळ्या गोळ्यांसोबत एका घोटात घेतात. लोह, कॅल्शियम, जस्त, मॅग्नेशियम, अ‍ॅल्युमिनियम हे सगळे या औषधाला पोटातच बांधून ठेवतात आणि औषध रक्तात न जाता तसंच बाहेर पडतं. अ‍ॅसिडिटीचं गुलाबी-पांढरं पातळ औषधही त्यातच आलं. दोन्हींमध्ये किमान तीन तास हवेत. बसवायला सोपी पद्धत म्हणजे मिनो किंवा डॉक्सी सकाळी आणि संध्याकाळच्या जेवणाच्या वेळी, लोह-कॅल्शियम दुपारच्या भाकरीसोबत. प्रेडनिसोलोनवर असलेल्यांना हाडांसाठी कॅल्शियम द्यावंच लागतं, म्हणून ते बंद करू नका, वेळ हलवा.

खर्रा किंवा तंबाखू-चुना तोंडात असताना गोळी गिळू देऊ नका. चुना म्हणजे कॅल्शियमच. तोंड खळखळून धुवायचं, मग गोळी.

दुधाबद्दल भीती जरा जास्त पसरली आहे. जुन्या साध्या टेट्रासायक्लिनला दूध चालायचंच नाही. डॉक्सी आणि मिनोचं शोषण दुधाने थोडंच घटतं. उपाशीपोटी मळमळतं म्हणून गोळी सोडून देण्यापेक्षा भाकर-वरणासोबत घेतलेली बरी. मात्र चहाच्या घोटासोबत नको, कारण त्यात खरी अडचण पाण्याची आहे. डॉक्सीची कॅप्सूल अन्ननलिकेत चिकटली तर तिथे जखम होते, छातीच्या मधोमध जळतं, घास गिळताना दुखतं. पूर्ण पेलाभर पाणी, आणि अर्धा तास तरी आडवं व्हायचं नाही. अंथरुणावर बसून शेवटची गोळी घेऊन लगेच पडणं ही या जखमेची नेहमीची वाट.

चक्कर ही मिनोसायक्लिनची खास तक्रार. पहिल्या काही दिवसांत येते, बायकांत जास्त, आणि गोळी थांबवली की दोन-तीन दिवसांत जाते. डोक्यावर कापसाचं गाठोडं घेऊन धुऱ्यावरून चालणाऱ्या बाईला "सवय होईल" असं सांगून पाठवणं बरोबर नाही. डॉक्सीला चक्कर सहसा नसते. पण तिथे ऊन आडवं येतं: डॉक्सीवर असताना अंग उन्हाने भाजल्यासारखं लाल होतं, डोस जास्त तितकं जास्त. मिनोला हे कमी. वेचणीत पूर्ण बाह्यांचा शर्ट, डोक्याला-मानेला दुपट्टा आणि हातात मोजे हवेत. मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो तेव्हा दुपारचं काम टाळण्याला दुसरा इलाज नाही.

साठवण. टिनाच्या छताखाली खुंटीला टांगलेल्या पिशवीत तीन-तीन महिन्यांच्या स्ट्रिप ठेवू नका. उष्णता आणि ओल लागलेली, मुदत संपलेली टेट्रासायक्लिन मूत्रपिंडाला इजा करते अशा जुन्या नोंदी आहेत. मातीच्या माठाजवळ सावलीत, पण ओल लागणार नाही अशा डब्यात, आणि एका वेळी महिन्याचाच साठा.

आणि एक गोष्ट मी ठळक अक्षरांत लिहिली असती. मेथोट्रेक्सेट घेणाऱ्याला लघवीच्या जळजळीसाठी कोट्रायमोक्साझोल, म्हणजे सेप्ट्रान, द्यायचं नाही. दोन्ही औषधं फोलेटचीच वाट अडवतात. अस्थिमज्जा दबते, पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट कोसळतात, तोंडभर छाले येतात, रुग्ण दगावू शकतो. ही गोळी कुठेही सहज मिळते, म्हणून मेथोट्रेक्सेटच्या प्रत्येक रुग्णाच्या कार्डावर "सेप्ट्रान नको" असं लाल पेनने लिहून द्या.


वैद्यकीय अधिकारी, पांढरकवडा

सर, मिनोसायक्लिन आणि मेथोट्रेक्सेट थांबवलं, प्रेडनिसोलोन चालू आहे, लघवीत प्रथिनं नाहीत. एक्स-रे आणि थुंकीला पाठवलंय. फार्मासिस्ट साहेबांनी सांगितल्यावर विचारलं तर लोहाची गोळी खरंच मिनोसोबतच घेतली जात होती.

"पल्स" आणि "जंतू मरताना दुखणं वाढतं" याबद्दल मात्र स्पष्ट सांगा. बाई आणि घरचे त्यावर ठाम आहेत. त्यांचं म्हणणं, हे औषध जंतू मारायचं आहे तर आजार जंतूचाच असणार. आणि पुढे डॉक्सीचा विचार करावा का?


सांधेविकार, नागपूर

घरच्यांचा प्रश्न चुकीचा नाही, कारण औषधाचा इतिहास तसाच आहे. अमेरिकेतल्या थॉमस मॅकफर्सन ब्राउन यांनी १९३० च्या दशकाच्या शेवटी सांध्याच्या पाण्यातून मायकोप्लाझ्मासारखे जंतू मिळाल्याचं मांडलं आणि १९८९ मध्ये वारेपर्यंत आमवातावर टेट्रासायक्लिनच वापरत राहिले. सोमवार-बुधवार-शुक्रवार ही पद्धत त्याच परंपरेतली. गंमत नाही, सल्फासालाझिनचीही गोष्ट याच काळातली: स्वीडनच्या नाना स्वार्ट्झ यांनी आमवात जंतूमुळे होतो या समजुतीवर सल्फा औषध आणि सॅलिसिलेट जोडून ते बनवून घेतलं. समजूत टिकली नाही, औषध टिकलं. आजही आपण ते रोज लिहितो.

मिनोसायक्लिनच्या नीट चाचण्या १९९० च्या दशकात झाल्या. अमेरिकेतल्या १९९५ च्या चाचणीत २१९ रुग्ण होते, ४८ आठवडे, रोज १०० मिग्रॅ दोनदा. सांध्यांची सूज कमी झालेले मिनोसायक्लिन गटात ५४ टक्के, खोट्या गोळीच्या गटात ३९ टक्के. म्हणजे गुण आहे, पण सौम्य. एक्स-रेवर हाडांची झीज थांबल्याचं मात्र स्पष्ट दिसलं नाही. नेब्रास्कातल्या ओडेल यांच्या गटाने आजार नवा असताना, पहिल्या वर्षाच्या आत आणि आरए फॅक्टर पॉझिटिव्ह असलेल्यांना दिलं, तिथे फरक मोठा दिसला. पाच वर्षांच्या जुन्या आजारात तेवढी अपेक्षा धरू नये.

आता घरच्यांना सांगायचा मुद्दा. याच गटाने २००६ मध्ये मेथोट्रेक्सेटसोबत डॉक्सी दिली: एका गटाला १०० मिग्रॅ दोनदा, दुसऱ्याला फक्त २० मिग्रॅ दोनदा. दोन्ही गटांना जवळपास सारखाच गुण आला, नुसत्या मेथोट्रेक्सेटपेक्षा जास्त. २० मिग्रॅने जंतू मरत नाहीत, तेवढी मात्राच रक्तात होत नाही. मग गुण कुठून आला? टेट्रासायक्लिन सांध्यातली कूर्चा कुरतडणारी विकरं दाबतं, कोलॅजिनेज वगैरे, आणि सूज वाढवणारे रासायनिक संदेशही काही प्रमाणात कमी करतं. काम जंतूंवर नाही, सुजेवर चालतं. म्हणून जंतूंच्या हिशेबाने डोस चढवण्यात अर्थ नाही, आणि तीनदा देऊन मिळणार काय तर डाग, चक्कर आणि यकृताचा त्रास.

जंतू मरताना दुखणं वाढण्याचा प्रकार आहे, पण तो सिफिलिस, लेप्टोस्पायरोसिस अशा आजारांतला. तिथे तो पहिल्या डोसनंतर काही तासांत येतो आणि साधारण दिवसभरात ओसरतो. सोळाव्या महिन्यात सुरू होऊन सहा आठवडे राहणारा ताप हा तो नव्हे. आमवातात असं होतं याला पुरावा नाही. ही समजूत घातक अशासाठी की औषध अपाय करतंय हे सांगणारी खूणच रुग्ण शुभ मानून बसतो. पल्स पद्धतीलाही नियंत्रित चाचणीचा आधार नाही. ज्या चाचण्यांत गुण दिसला त्या रोजच्या डोसच्या.

डॉक्सी या बाईंना आत्ता नको. औषधी ल्युपस मुख्यतः मिनोसायक्लिनचा, डॉक्सीमध्ये क्वचित. पण प्रकृती शांत होण्याआधी त्याच कुटुंबातलं औषध दिलं तर पुढे ताप आला की कशामुळे आला ते कळणार नाही. शिवाय एकट्या डॉक्सीने आमवातात निराशाच केली आहे, जो गुण दिसला तो मेथोट्रेक्सेटच्या जोडीने. मिनोसायक्लिन तर या बाईंना पुन्हा कधीच नाही, मुरुमासाठीही नाही आणि इतर कशासाठीही नाही. औषधी ल्युपस झालेल्याला ते पुन्हा दिलं तर दुखणं काही तासांत किंवा दिवसांत परत येतं. केसपेपरच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

पुढची चाल अशी असेल. औषध थांबवल्यावर ताप आणि अंगदुखी काही आठवड्यांत उतरायला हवी. चार ते सहा आठवड्यांनी सांधे पुन्हा मोजा. त्यात जी सूज उरेल ती मूळ आमवाताची. आजच्या सुजेवर पुढचं औषध ठरवू नका, तिच्यात दोन आजारांची भेसळ आहे. क्षयरोग नाही आणि एसजीपीटी सामान्य झाली की मेथोट्रेक्सेट १० वर सुरू, मग दर दोन ते चार आठवड्यांनी २.५ ते ५ मिग्रॅ वाढवत १५ ते २० पर्यंत. १० वर वर्षभर थांबलेला रुग्ण म्हणजे पूर्ण डोस न मिळालेला रुग्ण. याच जागी कमतरता राहिली आणि ती प्रतिजैविकाने भरून काढायचा प्रयत्न झाला. हायड्रॉक्सीक्लोरोक्वीन चालूच राहील. गरज पडली तर सल्फासालाझिन तिसरं: ५०० मिग्रॅ रोज, दर आठवड्याला ५०० वाढवत १ ग्रॅम दोनदा. सुरू करण्याआधी जी-सिक्स-पीडी (तांबड्या पेशींना जपणारं विकर) तपासा, कमतरता असेल तर रक्तपेशी फुटतात. ही तीन औषधं एकत्र देण्याची ओडेल यांचीच १९९६ ची चाचणी आहे, १०२ रुग्ण, दोन वर्षं. निम्म्याने सुधारलेले तिहेरी गटात ७७ टक्के, एकट्या मेथोट्रेक्सेटवर ३३ टक्के. तिन्ही गोळ्या जेनेरिकमध्ये मिळतात.

अमेरिकन सांधेविकार तज्ज्ञांच्या २००८ च्या मार्गदर्शनात मिनोसायक्लिन होतं, २०१५ च्या मार्गदर्शनात ते वगळलं, कारण वापर फार कमी उरला होता आणि नवी माहितीही नव्हती. ज्याला खरोखर मानवलंय, ज्याचे रिपोर्ट नीट आहेत, त्याचं उगाच काढून घ्या असं मी म्हणत नाही. त्याला दर आठ ते बारा आठवड्यांनी सीबीसी, एसजीपीटी, क्रिएटिनिन आणि लघवी, वर्षातून एकदा त्वचा-डोळे. डोकं सतत दुखणं, दिसायला अंधुक किंवा दोन-दोन दिसणं सुरू झालं तर त्याच दिवशी बंद आणि डोळ्यांच्या डॉक्टरकडे, मेंदूभोवतीचा दाब वाढलेला असू शकतो. गर्भारपणात हा गट चालत नाही. नवीन रुग्णाला मात्र सुरुवात मेथोट्रेक्सेटनेच करा.


समुदाय आरोग्य अधिकारी, घाटंजी

सर, सांधे मोजण्याबद्दल लिहिते. उपकेंद्रात रक्ततपासणी रोज होत नाही, पण सीडीएआय, म्हणजे आमवात किती जोरात आहे ते सांगणारा आकडा, मोजायला रक्त लागत नाही. २८ सांधे: दोन खांदे, दोन कोपरं, दोन मनगटं, दोन्ही हातांच्या बोटांच्या मुळाचे दहा, बोटांच्या मधले दहा, दोन गुडघे. किती सुजलेत ते एक, दाबल्यावर किती दुखतात ते दोन, रुग्ण शून्य ते दहात किती सांगतो ते तीन, आपण स्वतः किती देतो ते चार. चारही आकडे मिळवायचे. २.८ पर्यंत आजार शांत, १० पर्यंत सौम्य, २२ पर्यंत मध्यम, त्यावर तीव्र. सुजलेले ५, दुखरे ८, बाईचे ६, आपले ५, मिळून २४ झाले तर तीव्र.

दाबताना आपल्या अंगठ्याचं नख पांढरं होईल इतकाच जोर द्यायचा. प्रत्येक वेळी जोर वेगळा पडला तर आकड्यांना काही किंमत राहत नाही, म्हणून शक्यतो एकाच व्यक्तीने मोजावं. सूज म्हणजे दोन बोटांमध्ये धरल्यावर लागणारा मऊ, फुगलेला भाग. मजुरीने जाड झालेलं टणक हाड ते नव्हे. आणि या २८ मध्ये पावलं नाहीत. चिखलात अनवाणी निंदण करणाऱ्या बाईची पावलं वेगळी बघावीच लागतात. चवड्यावर आडवं दाबलं की दुखतं का, ते विचारून लिहायचं.

आपल्या भागात आकडा मोजण्याआधी दुखणं आमवाताचंच आहे ना, हेही बघावं लागतं. चिकुनगुनियानंतर महिनोन्‌महिने हातापायाचे सांधे सुजतात आणि आरए फॅक्टर तेव्हा थोडा वर आला तरी त्याने आमवात ठरत नाही. सिकलसेलच्या पोरांची हाडं-सांधे दुखतात. आणि यवतमाळ-चंद्रपूरकडच्या ज्या गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड आहे तिथे पाठीचा कणा आणि गुडघे आखडतात, दातांवर पट्टे असतात. यातल्या कुणालाही वर्ष-वर्ष मिनोसायक्लिन देऊन काही हाती लागत नाही.

मेथोट्रेक्सेट पुन्हा सुरू कराल तेव्हा वार ठरवताना आठवडी बाजाराचा दिवस धरा. तारीख विसरते, बाजार विसरत नाही. बाजाराच्या दिवशी पिवळी गोळी, दुसऱ्या दिवशी फॉलिक ५ मिग्रॅ. स्ट्रिपवर वाराचं नाव पेनने लिहायचं, आणि घरात एका वेळी चार आठवड्यांपेक्षा जास्त गोळ्या नको. रोज घेतली गेली तर आठ-दहा दिवसांत तोंडात छाले येतात, ती धोक्याची घंटा. आणि २.५ व १० च्या गोळ्या एकाच घरात नकोत. दिसायला सारख्या असल्या की चौपट डोस पोटात जातो.

आणखी एक. पुडीतल्या बिननावाच्या गोळ्या विचारा, रागावून नाही, पिशवी रिकामी करायला सांगून. सांधेदुखीच्या पुडीत बऱ्याचदा स्टिरॉइड असतं. तुमच्या ५ मिग्रॅच्या हिशेबावर वरून ते पडत असेल तर सगळाच अंदाज चुकतो.


वैद्यकीय अधिकारी, पांढरकवडा

मॅडम, पिशवी रिकामी करून घेतली. पुडी नाही, पण वेदनेच्या गोळीचं एक अर्धं पाकीट निघालं, ते काढून घेतलं. थुंकी निगेटिव्ह, एक्स-रे स्वच्छ, एएनए पॉझिटिव्ह आली, जुना रिपोर्ट नाही. ताप दहाव्या दिवशी उतरला. उद्या सांधे मोजतो.

बाईंना आता सगळ्यात जास्त चिंता नडग्यांच्या डागांची आहे. जातील का?


फार्मासिस्ट, हिंगणघाट

चांगल्या कातडीवरचे निळसर डाग औषध थांबवल्यावर हळूहळू फिके होतात, पण आठवड्यांचा हिशेब नाही, महिने आणि कधी वर्षंही लागतात. जुन्या वणांवरचे आणखी रेंगाळतात, काही पूर्ण जात नाहीत. मलमं घासू नका, लिंबू-बिंबू तर नकोच, रंग कातडीच्या आत खोल बसलेला असतो. ऊन लागू न देणं एवढंच आपल्या हातात आहे. आज मोबाइलवर दिवसाच्या उजेडात, नडगीजवळ पट्टी धरून फोटो काढा आणि तारीख टाका. तीन महिन्यांनी त्याच जागी, त्याच उजेडात दुसरा काढून दोन्ही बाईंना शेजारी-शेजारी दाखवा. फिके होत असलेले डाग रोज बघणाऱ्याला कळत नाहीत.